दुष्काळातल्या मुलींची आई – पंडिता रमाबाई

आपल्या महाराष्ट्रात अनेक थोर स्त्रिया होऊन गेल्या. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची माहिती आपल्याला असते. पण पंडिता रमाबाईंची माहिती आमच्या वर्गात कुणालाच नव्हती. बाईंनी मला त्यांचं पुस्तक वाचायला दिलं. ते वाचून मी ही माहिती लिहिली आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्या काळी मुलींना शिकवत नसत. पण अनंतशास्त्रींनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं. लोक रागावले, तर ते गंगामूळ नावाच्या जंगलात जाऊन राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. आईने रमाला पहाटे उठवून श्लोक शिकवले. रमाला हजारो श्लोक पाठ झाले. आम्हाला तर एक कविता पाठ करायला आठवडा लागतो.

पुढे हे कुटुंब गावोगाव फिरू लागलं. वडील देवळात पुराण सांगत. लोक जे देतील त्यावर पोट भरायचं. मग मोठा दुष्काळ पडला. खायला काही राहिलं नाही. भीक मागायची त्यांना लाज वाटे, मजुरीची सवय नव्हती. अकरा दिवस त्यांनी झाडांचा पाला आणि पाणी यांवर काढले. १८७४ साली वडील वारले, मग आई वारली, पुढे मोठी बहीणही वारली. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती. उरले फक्त रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ती दोघं हजारो मैल पायी चालली. थंडीत पांघरायला काही नव्हतं. तेव्हा पंजाबात नदीच्या काठी वाळूत खड्डे करून ती दोघं त्यात झोपली आणि अंगावर वाळू ओढून घेतली. फक्त डोकं बाहेर! हे मी आजीला वाचून दाखवलं तेव्हा आजी बोंबील वाळत घालत होती. तिचे हात थांबले. आपल्या किनाऱ्यावर आम्ही मुलं खेळताना असंच वाळूत पुरून घेतो. पण रमाबाईंचा तो खेळ नव्हता.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी या वकिलांशी त्यांचं लग्न झालं. त्यांना मनोरमा ही मुलगी झाली. पण १८८२ साली नवराही पटकीने गेला. मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती.

रमाबाई मुलीला घेऊन पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यामुळे इकडचे पुष्कळ लोक त्यांच्यावर रागावले. मग त्या अमेरिकेला गेल्या. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन ही विधवा मुलींची शाळा काढली. पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. १८९६ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. रमाबाईंना आपलं लहानपण आठवलं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. मुलींची हाडं दिसत होती. कुणाला आई नव्हती, कुणाला बाप नव्हता. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. म्हणून रमाबाईंनी मुलींना केडगावला नेलं. तिथे त्यांची शेतजमीन होती. आधी मांडव, तंबू यांतच राहायचं होतं. मग विहिरी खणल्या, घरं बांधली. त्या जागेचं नाव मुक्ती ठेवलं.

पुष्कळ मुली आजारी होत्या. काही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना नुसतं जेवण देऊन भागलं नाही. बाई म्हणाल्या की ज्या मुलाने घरची माणसं मरताना पाहिली, त्याच्या मनातही जखम असते. ती दिसत नाही. रमाबाईंनी मुलींना घर दिलं, शाळा दिली आणि हाताला काम दिलं. मुली विणकाम, शिवण, शेती, दुधाचं काम शिकल्या. छापखाना मुलींनी चालवला. अंध मुली बोटांनी वाचायला शिकल्या. शारदा सदनात आधी शिकलेल्या मुली नव्या मुलींना सांभाळायला आल्या. म्हणजे जिला आधी कुणी सांभाळलं होतं, तीच आता दुसरीला सांभाळू लागली. मला ही गोष्ट फार आवडली.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ होता. त्याला तिकडे छप्पनियो म्हणतात. गुजरात आपल्या डहाणूपासून किती जवळ! तिथूनही हजाराच्या वर मुली आणि बायका केडगावला आल्या. तेव्हा तिथे सुमारे दोन हजार माणसं राहत होती. आपल्या शाळेत किती मुलं आहेत ते मोजून बघा, मग कळेल.

१९२१ साली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही वारल्या. १९८९ साली भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. केडगावची संस्था आजही आहे.

बालमित्रांनो, संकट फक्त जुन्या काळी येत नव्हतं. २०१८ साली आपल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. लोक थंडीत बाहेर झोपत. मी तेव्हा तीन वर्षांची होते. आई सांगते की भांडं पडलं तरी मी रडत असे. मग आजी मला मांडीवर घेऊन बसायची. आईलाही भीती वाटायची, पण ती कुणाला सांगत नसे.

आणखी एक गोष्ट लिहिते. आमच्या वर्गात यंदा एक नवी मुलगी आली. तिचे बाबा होडीवर गेले ते परत आले नाहीत. ती कुणाशी बोलत नसे. आम्ही तिला मुकी म्हणून चिडवलं. मीसुद्धा चिडवलं. हे पुस्तक वाचल्यावर मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले. काही विचारलं नाही. चार दिवस ती गप्पच होती. पाचव्या दिवशी तिने माझं खोडरबर मागितलं. आता संध्याकाळी माझी आई आणि आजी तिच्या आईकडे जाऊन बसतात. मासळी निवडता निवडता बोलतात. आजी म्हणते की आईचं मन हलकं झालं की पोराचंही होतं.

रमाबाईंनी दोन हजार जणींना जवळ केलं. आपण एकीला तरी करू. अशा या थोर मातेला माझा नमस्कार.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, धाकटी डहाणू