सरासरी माणूस आणि माझी कंबर

घर बदलापूरला, बँक अंबरनाथला आणि पँट शिवायला उल्हासनगर, अशी माझी सारी नोकरी तीन स्टेशनांत झाली. त्या काळी स्टेशनवरच्या यंत्रात नाणे टाकले की वजनाचे तिकीट पडे. माझे ६२ किलो, मागे छापलेले भविष्यही झकास! उंची १६५ सेंटिमीटर. डॉक्टरांच्या तक्त्यात मी अगदी चोख बसत असे. शिंपी मात्र दर खेपेला कंबर वाढवत होता. ३८ इंचांवर त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने आकडा लिहून घेतला. बावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला.

जन्म आकडेमोडीत गेलेला मी. तक्त्यामागचे सूत्र कोणाचे, ते शोधू लागलो आणि आदोल्फ केतले भेटले.

१७९६ साली बेल्जियममधल्या गेंट गावी हे गृहस्थ जन्मले. सातव्या वर्षी वडील गेले, सतराव्या वर्षी गणिताची मास्तरकी पदरी आली. कविता करत, मित्राबरोबर एक संगीत नाटकही लिहिले. (इथे माझ्यातला कादंबरीकार सुखावला.) १८१९ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली. ब्रुसेल्सला वेधशाळा हवी, म्हणून १८२३ मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले. एकच तारा दहादा पाहिला तर दहा वेगळी मापे येतात आणि खरे माप मध्यावर असते, ही ज्योतिर्विदांची युक्ती तिथे कळली. केतलेंनी ती थेट माणसांना लावली. स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापेसुद्धा त्यांनी तपासली. १८३५ च्या ग्रंथात त्यांनी 'सरासरी माणूस' उभा केला. प्रौढांचे वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्यातलेच निरीक्षण. चरबी किंवा आजार त्यांच्या डोक्यातही नव्हते. १८५५ मध्ये झटका आला, स्मरणशक्ती खचली, तरी काम चालूच राहिले. १८७४ मध्ये ते वारले. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी चरबीच्या अंदाजासाठी हेच सूत्र पसंत केले आणि त्याला आजचे 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले.

आता पुण्याला येऊ. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही निर्देशांक २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त आणि तीही पोटात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशियाई माणसांनी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटर. माझा निर्देशांक भरला २२.८, म्हणजे नव्या हिशेबातही मी सुटलो असतो. कंबर मात्र ९६ च्या पुढे. टेपही चरबी तोलत नाही, पण ती कुठे साठली ते सांगते.

शिंप्याकडून जुनी टेप मागून आणली. डायरीत वजनाशेजारी कंबरेचा दुसरा रकाना आखला आहे. गेल्या रविवारी तिथे ३६ लिहिले. सौभाग्यवतींनी टेप पुन्हा लावून खात्री करून घेतली.