या पठ्ठ्याने तळघरात अख्खी रेल्वे उभारली, त्यात डबे ढकलायला डायनासोर ठेवला

रेल्वे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायला काय लागतं? शंटिंगचं इंजिन. पण अमेरिकेत एक अशी रेल्वे होती जिथं हे काम चक्क एक डायनासोर करायचा. पाठीवर काटेरी पाती असलेला स्टेगोसॉरस. नाव एमा, आणि इंजिनांना देतात तसा नंबरही दिलेला, १३.

ही रेल्वे होती कॅलिफोर्नियातल्या माँटेरी गावात, एका घराच्या तळघरात. मालक, चीफ इंजिनियर, गवंडी, सुतार, रंगारी आणि फोटोग्राफर सगळं एकच माणूस. जॉन अ‍ॅलन.

तुम्ही म्हणाल, खेळण्यातली रेल्वे, त्यात काय एवढं? तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम ज्यांनी पाहिलंय, त्यांना अंदाज असेल की हा विषय खेळण्याच्या पुढचा आहे. रूळ, स्टेशन, डोंगर, बोगदे, गाव असं सगळं मिळून जे जग उभं राहतं त्याला हे छंदवाले लोक लेआउट म्हणतात. जगभरात सगळ्यात जास्त चालणारं माप आहे एचओ. म्हणजे खऱ्या वस्तूच्या १/८७. या मापात दोन रुळांमधलं अंतर येतं १६.५ मिलिमीटर, आणि साडेपाच फुटी माणूस भरतो जेमतेम दोन सेंटिमीटर. जॉनने आयुष्याची सत्तावीसेक वर्षं या दोन सेंटिमीटरच्या माणसांसाठी घालवली.

जॉनचा जन्म २ जुलै १९१३ चा, मिसुरी राज्यातल्या जॉपलिनचा. तरुणपणी त्याला संधिवाताचा ताप झाला. ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात तो. नावात सांधे असले तरी हा आजार खरा घाव घालतो हृदयाच्या झडपांवर. जॉनचं हृदय तेव्हापासून कमजोर झालं ते कायमचंच. पुढं तो लॉस एंजेलिसमध्ये फोटोग्राफीच्या धंद्यात शिरला आणि त्यात चांगला जमही बसला. दुसरं महायुद्ध संपल्यावर मात्र त्याने धंद्यातून अंग काढून घेतलं, पैसे गुंतवले आणि माँटेरीला मुक्काम हलवला. वय तिशीच्या आसपास. लग्न केलं नाही. गुंतवणुकीतून जे येईल त्यात साधेपणानं राहायचं आणि उरलेला सगळा वेळ रेल्वेला, असा बेत. आजच्या भाषेत याला अर्ली रिटायरमेंट म्हणतात, फरक इतकाच की जॉन रिटायर झाल्यावर आधीपेक्षा जास्त राबला.

पहिला लेआउट अगदीच छोटा होता. साडेतीन फूट रुंद, पावणेसात फूट लांब. म्हणजे आपल्या घरातल्या पलंगाएवढा. पण नाव दिलं भारदस्त. लिहिताना स्पेलिंग असं केलं की वाटावं दोन गावांची नावं जोडली आहेत, जशी खऱ्या रेल्वे कंपन्यांची असतात. मोठ्यानं वाचलं की मात्र ऐकू यायचं गोरी अँड डिफीटेड. ही आपल्याकडची गाण्यातली गोरी नव्हे. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो रक्तबंबाळ आणि पराभूत. अख्ख्या लेआउटवर असले विनोद पेरलेले होते. एका स्टेशनाचं नाव होतं कोल्ड शोल्डर, म्हणजे पाहुण्याला भाव न देणं.

आता मुद्द्यावर येऊ. जॉनच्या आधी लोक लेआउट बनवत नव्हते का? बनवत होते, आणि उत्तम बनवत होते. पण त्या काळात मॉडेल इंजिन म्हणजे कसं, तर लखलखीत. पितळ घासलेलं, रंग चकचकीत, जणू कारखान्यातून आत्ताच बाहेर पडलंय. जॉन फोटोग्राफर होता. त्याच्या नजरेला हे खटकलं. खरं वाफेचं इंजिन कधी एवढं स्वच्छ असतं का? त्याच्या धुरांड्याभोवती काजळी असते. बॉयलरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ असतात. खाली चाकांपाशी तेल आणि धूळ मिळून राप बसलेला असतो. मालडब्याच्या लाकडी फळ्या उन्हानं विटलेल्या असतात.

मग जॉनने एक काम केलं जे बघून जुन्या मंडळींना घाम फुटला असेल. चांगली रंगवलेली मॉडेलं त्यानं मुद्दाम मळवली. पातळ रंगाचे हात दिले, गंज चढवला, छपरं मोडकळीला आणली. या प्रकाराला आता वेदरिंग म्हणतात. आज कुठल्याही मॉडेल रेल्वेवाल्याला विचारा, वेदरिंग त्याला बाराखडीसारखं येतं. ही बाराखडी रूढ करणाऱ्यांत जॉनचं नाव पहिलं घेतलं जातं.

दुसरी भानगड जागेची. १/८७ मापात एक मैल म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. म्हणजे पुणे ते लोणावळा हे ६४ किलोमीटर मापात बसवायचे तर पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब तळघर लागेल. एवढं तळघर कुणाकडे असणार? जॉनने डोळ्यांना फसवायचं ठरवलं. जवळची घरं, झाडं योग्य मापाची आणि मागं जाल तसं सगळं लहान लहान करत नेलं. त्यामुळे चार हातांवरचा डोंगर चार कोसांवर वाटायला लागला. जागोजागी आरसे लावले. आरशाची कड पूल किंवा इमारतीच्या आड लपवली की समोर असलेली गल्ली दुप्पट लांब दिसते. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे डोंगर टेबलावरून सुरूच केले नाहीत. ते थेट जमिनीपासून उठवले, पार माणसाच्या डोक्यावर नेले. बघणाऱ्याला वाटायचं आपण खेळण्यापुढं नाही, दरीत उभे आहोत.

१९५३ च्या सुमारास जॉनने माँटेरीतच दुसरं घर घेतलं. लोक घर घेताना किचन बघतात, पाण्याची सोय बघतात. यानं तळघर बघितलं. तिथं तिसरा आणि शेवटचा लेआउट सुरू झाला. तो पलंगाएवढा पहिला लेआउट टाकून दिला नाही, नव्याच्या पोटात तसाच्या तसा बसवला.

हे सगळं एकट्यानं कोंडून घेऊन केलं असतं तर जॉनचं नाव आज कुणाला माहीत नसतं. पण पठ्ठ्याला दाखवायची हौस होती, आणि दाखवायचं कसं हे धंद्यामुळे माहीत होतं. कॅमेऱ्याचं छिद्र अगदी बारीक ठेवायचं आणि फिल्मला बराच वेळ उजेड द्यायचा, म्हणजे पुढच्या इंजिनापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं रेखीव येतं. त्यात कॅमेरा ठेवायचा त्या दोन सेंटिमीटरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. फोटो बघणाऱ्याला कळायचं नाही की हे खरं की मॉडेल. १९४० च्या दशकापासून त्याचे लेख आणि फोटो अमेरिकेतल्या छंद मासिकांत यायला लागले. व्हार्नी नावाची मॉडेल बनवणारी कंपनी जाहिरातींसाठी त्याचे फोटो वापरायची. हजारो लोक, जे माँटेरीला कधी जाणार नव्हते, त्यांनी कागदावर ही रेल्वे पाहिली आणि आपापल्या घरी इंजिनाला काजळी फासायला सुरुवात केली.

घरी मित्रांची टोळी जमायची ती वेगळीच. नुसत्या गाड्या गोल फिरवायच्या नाहीत, खऱ्या रेल्वेसारखं वेळापत्रक पाळायचं, माल पोचवायचा, क्रॉसिंगला थांबायचं. शंटिंगची त्याला इतकी गोडी की त्याने टाइमसेव्हर नावाचं एक कोडंच तयार केलं. पाच सांधे, थोडेसे आखूड रूळ, एक इंजिन आणि काही डबे. इंजिनाचा वेग ठरलेला, त्यामुळे घाई करून उपयोग नाही, डोकंच लढवावं लागतं. डबे कमीत कमी वेळात जागच्या जागी लावायचे. १९७२ मध्ये हे कोडं मॉडेल रेलरोडर मासिकात छापून आलं, आणि आजही लोक ते लाकडी फळीवर आणि कॉम्प्युटरवर सोडवत बसतात.

त्यानंतर काही आठवड्यांतच, ६ जानेवारी १९७३ ला, त्या कमजोर हृदयानं दगा दिला. हार्ट अटॅक. वय ५९. लेआउट पूर्णत्वाला आला होता, पण पुरता झाला नव्हता.

मित्रांपुढं प्रश्न होता की आता या तळघराचं करायचं काय. लेआउट उचलून नेता येत नाही. डोंगर भिंतीला आणि जमिनीला धरून बांधलेले. आणि त्यांना उत्तर शोधायला मिळाले फक्त दहा दिवस. जानेवारीची थंडी होती, घर गार पडलेलं, म्हणून हीटर पेटवला गेला आणि त्यातूनच आग लागली असं सांगितलं जातं. प्लास्टर, लाकूड, रंग, कागद. पेटायला वेळ लागला नाही. लेआउट जवळपास सगळा जळाला, आणि त्याच्या पोटातला तो पलंगाएवढा पहिला लेआउटही गेला.

उरलं काय, तर हाती लागलेल्या काही वस्तू, आणि फोटो. जॉनने काढलेले, मासिकांनी छापलेले, मित्रांकडे असलेले. मॉडेल रेलरोडरचे अनेक वर्षं संपादक राहिलेले लिन वेस्टकॉट यांनी ते गोळा करून जॉनच्या रेल्वेवर पुस्तक लिहायला घेतलं. त्यांचंही १९८० मध्ये निधन झालं. पुस्तक १९८१ मध्ये आलं.

ज्यांनी त्यानंतर लेआउट बांधायला सुरुवात केली त्यांतल्या बहुतेकांनी जॉनची रेल्वे चालताना कधीच बघितलेली नाही. त्यांनी बघितलंय ते हे पुस्तक. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉर्ज सेलिओस यांचा लेआउट आज जगातल्या सगळ्यात गाजलेल्यांत मोजला जातो. जुनाट इमारती, गंजलेले पत्रे, काजळी धरलेल्या भिंती आणि गल्लीबोळात पेरलेले विनोद. हे कुठून आलं, ते माँटेरीचे फोटो बघितलेल्याला सांगावं लागत नाही.