श्रद्धेचा हिशेब

श्रद्धा म्हणजे व्यवहाराकडे पाठ फिरविणे, हा समज पंडिता रमाबाईंचे चरित्र खोटा ठरविते. दुष्काळ त्यांनी ग्रंथांतून जाणला नव्हता. १८७० नंतरच्या दशकात उपासमारीने त्यांचे आईवडील व बहीण हिरावून नेली. १८८० मध्ये विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि त्यापायी स्वजनांचा रोष, असा हा प्रवास. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढले. ते पुण्यास हलविल्यावर धर्मांतराच्या वादातून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाने दिलेली दहा वर्षांची हमी तेव्हा संपत आली होती. कोणत्याही हिशेबनिसाने खर्च आवरण्याचाच सल्ला दिला असता. रमाबाईंनी मात्र देवावर भार टाकून सुमारे तीनशे मुली आणल्या. पण प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, छपाई सुरू झाली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजार झाली.

१९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. तरीही बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण करूनच १९२२ मध्ये रमाबाईंनी देह ठेवला. भय त्यांनाही ठाऊक होतेच. निर्णयाचा अधिकार तेवढा त्यांनी भयाच्या हाती दिला नाही. तुटपुंज्या मिळकतीत उद्याची धास्ती बाळगणाऱ्या प्रत्येक घराने विचारात घ्यावा, असा हा भेद आहे.