आनंदीबाईंचे राहून गेलेले काम

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले की, प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र वाचावे आणि त्यावर चार पाने लिहून आणावीत. ग्रंथालयातील कपाटापुढे मी बराच वेळ नुसतीच उभी होते. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक कधी आलेच नव्हते. आई चार घरी पोळ्या करते, वडील मार्केट यार्डात हमाली करतात. दोघांचीही शाळा चौथीतच सुटली. तेव्हा कोणते पुस्तक घ्यावे हे मला घरी सांगणार तरी कोण? शेवटी हाताला लागले ते पुस्तक उचलले. ते निघाले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र.

शाळेत असताना हे नाव मी एका गुणासाठी पाठ केले होते. भारतातील पहिली स्त्री डॉक्टर कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्या नावामागे रक्तामांसाची एक मुलगी होती, ती माझ्याच पुण्यात जन्मली आणि माझ्याच पुण्यात गेली, हे त्या रात्री प्रथम कळले.

३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. तेव्हा ससून रुग्णालय सुरू व्हायला अजून दोन वर्षे अवकाश होता. माहेरचे घराणे कल्याणच्या जोश्यांचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. पती गोपाळराव जोशी हे टपाल खात्यात कारकून, विधुर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी नवरे बायकोला मारीत ते ती स्वयंपाक सोडून पुस्तक घेऊन बसली म्हणून. गोपाळराव मारीत ते तिने अभ्यास केला नाही म्हणून. हे वाचताना त्यांचे कौतुक करावे की त्यांचा राग धरावा, ते मला ठरवता आले नाही, आणि अजूनही येत नाही. एवढे मात्र खरे की, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्यांच्या गावांतून फिरताना लहानग्या आनंदीच्या हातातली पाटी त्यांनी सुटू दिली नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांनी गेला. चौदा वर्षांची आई! आमच्या वस्तीतल्या चौदा वर्षांच्या मुली आठवीत असतात आणि पाण्याच्या नळावर भांडतात. या दुःखातूनच त्यांच्या मनात वैद्यक शिकण्याचा विचार रुजला. त्यांनी पाहिले होते की, आजारी बाईला तपासायला बाई नाही, आणि पुरुष डॉक्टरला आपले दुखणे दाखवण्यापेक्षा कुलीन घरातली बाई मरण पत्करते. अमेरिकेतील महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पाठवलेल्या पत्रातही त्यांनी हेच कारण दिले होते.

अमेरिकेचा योग कसा आला तेही ऐकण्यासारखे आहे. १८८० साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची इच्छा कळवली. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी आपणहून पत्र धाडले आणि समुद्रापलीकडे आनंदीबाईंना एक मावशी मिळाली.

सगेसोयरे आणि जातवाले संतापले. दगडशेण, टिंगल, बहिष्काराची धमकी, सारे झाले. तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभे राहून आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत, ते सांगितले. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे त्यांनी निक्षून सांगितले. वय वर्षे अठरादेखील पुरे नव्हते. वर्गात सरांनी उभे केले तर माझे पाय लटपटतात, हे येथे कबूल केलेले बरे.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. पती बरोबर नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. तेथील प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांना आईच्या मायेने वागवले. तरी थंडी परकी होती आणि अन्नही परके होते. प्रकृती आधीपासूनच नाजूक. ताप आणि डोकेदुखी पाठ सोडीत नव्हती. तशातच त्यांनी अभ्यास पुरा केला. प्रबंधाचा विषय घेतला तो आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने हा विषय निवडावा, यात काय नवल? त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली याही शिकत होत्या. तिघींचे एकत्र छायाचित्र आहे. तिघी आपापल्या देशी वेषात आहेत, आणि आनंदीबाई लुगड्यात.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. एकविसावे वर्ष पुरे व्हायला अजून वीस दिवस होते. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकाची परीक्षा पार केली, म्हणून पहिली कोण हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची प्रमुख नेमले. पण १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी उतरल्या तेव्हा क्षयाने शरीर पोखरले होते. कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांनी एकही रुग्ण तपासला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बाविसावे वर्ष पुरे व्हायला ३३ दिवस उरले होते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पॉकिप्सी गावच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या.

चरित्र संपले तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. मला रडू आले, पण त्याहून जास्त चीड आली. एवढा खटाटोप करून काय मिळाले? ज्या बायांसाठी हा सारा प्रवास, त्यांच्यातल्या एकीच्याही नाडीवर हात ठेवता आला नाही.

ही चीड चार पानांत उतरवून मी मोकळी झाले असते. पण पुढच्याच आठवड्यात आई नळावर हंडा उचलताना चक्कर येऊन पडली.

शुद्धीवर आल्यावर तिने पदर सावरला आणि ऊन लागले म्हणाली. भाद्रपदातले ढगाळ दिवस, सकाळचे सहा, कसले ऊन? मग मला एकेक गोष्ट आठवू लागली. दोन वर्षांपासून ती जिना चढताना धापा टाकायची. निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकायची आणि आम्ही हसायचो. नखे पांढरीफटक पडली होती. महिन्याची पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चाले, हे तर तिने मलाही सांगितले नव्हते. गल्लीतल्या डॉक्टरांकडे ती दोनदा गेली होती. ते पुरुष. त्यांना तिने नुसते थकवा येतो एवढेच सांगितले, आणि त्यांनी त्यावरचे इंजेक्शन दिले. न सांगितलेल्या दुखण्याला औषध कसे मिळणार?

त्या रात्री आई पोळ्या लाटत असताना मी तिला आनंदीबाईंची गोष्ट सांगितली. बोटीचे, थंडीचे, पदवीचे सारे सांगितले. तिने मध्येच लाटणे थांबवून एवढेच विचारले की, त्या दहा दिवसांच्या बाळाला कोणी तपासले होते का? मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, मंगळवारी एका घरचा खाडा करते, दवाखान्यात जाऊन येऊ.

महापालिकेच्या दवाखान्यात आम्ही केसपेपर काढला. तपासायला बाई डॉक्टर होत्या. त्यांनी दार लोटून घेतले आणि आईला खुर्ची दिली. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, बोटातून रक्त घेतले. मग एकेक विचारू लागल्या, आणि आई बोलू लागली. पंधरा मिनिटे आई स्वतःच्या शरीराविषयी बोलत होती. माझ्या एकोणीस वर्षांत मी हे प्रथमच ऐकत होते. हिमोग्लोबिन निघाले ७.४, बाईमाणसाला ते किमान १२ तरी हवे. डॉक्टरबाईंनी समजावले की, लोह कमी पडले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, मग हृदयाला दुप्पट राबावे लागते, म्हणून धाप आणि चक्कर. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. त्यांनी स्तनांची तपासणी केली आणि आपले आपण कधी सावध व्हायचे तेही शिकवले. गर्भाशयाच्या मुखाला पातळ अॅसिटिक आम्ल लावून पाहिले. तेथे कर्करोग होण्याआधी पेशींत बदल होत राहतात, त्याला बरीच वर्षे लागतात. बिघडलेला भाग या आम्लाने पांढरा दिसतो, तेव्हाच साध्या उपायाने आजार टाळता येतो. आईचे त्यात काही निघाले नाही. सोनोग्राफीत मात्र गर्भाशयात गाठी दिसल्या. त्या साध्या आहेत, पण रक्त त्यांच्यामुळेच जाते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झाले. कच्चे तांदूळ खाणे आपोआप थांबले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालानुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. महाराष्ट्रातही हा आकडा ५४ वर आहे. म्हणजे या अंकाच्या वाचक मैत्रिणींपैकी निम्म्या, आणि आपल्या आयांपैकीही निम्म्या. त्यातल्या कितीजणी ऊन लागले म्हणत असतील?

आनंदीबाईंचे काम कोणी उचललेच नाही, असे मात्र नाही. डॉ. रखमाबाई १८९४ साली लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत स्त्रियांच्या रुग्णालयात अनेक वर्षे राबल्या. येथे पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केले आणि घरच्यांचा विरोध सोसून बायका परिचारिका होऊ लागल्या. आज आमच्या वस्तीत आशाताई दारोदार येतात. गरोदर बाईचे नाव पहिल्या तीन महिन्यांत नोंदवतात, तिशी ओलांडलेल्या बायांना तपासणीला बोलावतात. कोल्हापूरचा तो स्त्रीविभाग आनंदीबाईंच्या हाती आला नाही, पण आमच्या दवाखान्यातली ती लोटलेल्या दाराची खोली मला त्यांचीच वाटते.

आणखी एक गोष्ट मनात येते. क्षयाचा जंतू कॉख यांनी शोधला १८८२ साली, आणि त्यावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, निघाले १९४३ साली. आनंदीबाईंना कोणी वेळेवर तपासले असते तरी त्या वाचल्या असत्या असे म्हणवत नाही. आज तोच क्षय साधा असेल तर सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. त्यांच्यापाशी उपाय नव्हता. आपल्यापाशी आहे, आणि आपण खाडा पडेल म्हणून जात नाही.

मित्रमैत्रिणींनो, हा लेख वाचून झाल्यावर घरी गेलात की आईला विचारा, तिने शेवटचे स्वतःला कधी दाखवले? बाळंतपणानंतर कधीच नाही, असे उत्तर आले तर तिच्याबरोबर जा. मुलांनीही जावे. दाराबाहेर बसायला तरी कोणी लागते.

आईच्या गाठींचा निकाल अजून लागायचा आहे. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेविषयी विचारायला बोलावले आहे. ती म्हणते दिवाळीनंतर पाहू, कारण दिवाळीत कामे जास्त असतात आणि बोनस मिळतो. मी कालनिर्णयावर त्या तारखेला तांबड्या शाईने खूण केली आहे. कालपर्यंत तरी तिने ती खोडलेली नाही.

(द्वितीय वर्ष, कला)