मॉन्टेसरी ते अंगणवाडी : ताराबाईंनी सिद्धांताचे काय केले?

शिक्षणात सिद्धांत मोठा की प्रत्यक्ष उपयोग, हा वाद जुनाच. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी त्याचे उत्तर गावात जाऊन शोधले.

सुरुवात कुठे झाली?
भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत मॉन्टेसरी पद्धतीवर काम करताना. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

अडचण काय होती?
मॉन्टेसरीची साधने महाग. त्यामुळे बालशिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतेच राहत होते.

मग काय केले?
१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरांमागे जात, म्हणून शाळाही कुरणात भरली.

यातून काय दिसते?
मूल स्वतः हाताळून शिकते, हा सिद्धांत ताराबाईंनी सोडला नाही. साधने, जागा आणि वेळ मात्र मुलांच्या सोयीने बदलली. १९७५ मध्ये केंद्राच्या बालविकास योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.