व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ आणि दंडारीचा मुलूख

दिवाळी जवळ आली, की पैनगंगेकाठच्या किनवट तालुक्यातील गोंड गुड्यांत दंडारीचे दिवस सुरू होतात. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, त्यात खोवलेली शिंगे, लावलेल्या दाढीमिशा, अंगाला फासलेली राख, खांद्यावर कातडे आणि हाती दंड अशा वेषातले घुसाडी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालते आणि पुढे त्या भेटीची परतफेडही करते. या येण्याजाण्यातून सोयरिकी जुळतात. घुसाडी हसवतो, लहान मुलांना घाबरवतो, पण त्या दिवसांपुरता तो देवाचा माणूस असतो. उत्सव संपेपर्यंत तो स्नानही करीत नाही. हाच उत्सव सीमेपलीकडे, तेलंगणातील उटनूर आणि आदिलाबादच्या डोंगरांतही त्याच थाटात चालतो. त्यात नवल नाही, कारण 1956 पर्यंत किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका होता.

या मुलखाचे आणि दंडारीचे सविस्तर चित्रण करणारा माणूस मात्र व्हिएन्नाचा होता. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांचा जन्म 1909 साली एका ऑस्ट्रियन सरदार घराण्यात झाला. व्हिएन्ना विद्यापीठात मानववंशशास्त्राचे शिक्षण घेऊन ते लंडनला मालिनोव्स्कींच्या चर्चासत्रात दाखल झाले. 1936-37 मध्ये त्यांनी नागा टेकड्यांत मुक्काम केला. इंग्लंडमध्ये बेटी बार्नार्डो यांच्याशी विवाह झाला आणि 1939 मध्ये हे जोडपे पुन्हा भारतात आले. तेवढ्यात महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया हिटलरने गिळंकृत केल्यामुळे हायमेंडॉर्फ यांच्या हाती जर्मन पारपत्र होते, म्हणजे ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक. ओळखीपाळखीमुळे बंदिवास टळला, पण निजामाच्या हैदराबाद संस्थानाबाहेर पडण्यास त्यांना मनाई झाली.

नजरकैदेतून इतके चांगले काम क्वचितच निघाले असेल. आधी चेंचू, मग कोंडा रेड्डी आणि त्यानंतर आदिलाबादचे राजगोंड असा त्यांचा प्रवास झाला. 1940 मध्ये जोडेघाट येथे कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला होता. गोंड हत्यार का उचलतात, हे सरकारला समजून घ्यायचे होते आणि हायमेंडॉर्फ यांच्यासाठी वाट मोकळी झाली ती त्यामुळेच. हे विसरता कामा नये. त्यांच्या कामाकडे सत्तेचा डोळा म्हणून पाहणाऱ्या टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण सरकारपुढे त्यांनी जे मांडले, ते सरकारला सुखावणारे नव्हते.

मार्लवाई या गावी पती-पत्नींनी गोंडांसारख्याच झोपडीत बिऱ्हाड थाटले. बेटी यांनी नोंदी, छायाचित्रे आणि संसार असे तिन्ही सांभाळले. दंडारीचे फड, घुसाड्यांचे वेष, देवांच्या पूजा हे सारे त्यांच्या वह्यांत आणि छायाचित्रांत उतरले. गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे परधान हे त्यांचे मोठे आधार होते. परधानांची घरची बोली मराठी, तर गाणे गोंडी. यजमानाची भाषा गाण्यातून जपणाऱ्या या गायकांवर हायमेंडॉर्फ यांनी पुढे स्वतंत्रपणे लिहिले. राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ 1948 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मिथके व विधी यांनाच पहिला मान होता.

मात्र नाच टिपत असतानाच त्यांच्या लक्षात आले, की नाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकत आहे. जंगले राखीव करताना वनखात्याने गावेच्या गावे उठवली होती. रस्ते झाले तसे बाहेरचे लोक आले आणि ज्यांनी रान तोडून शेत केले, त्यांच्या नावावर कागदोपत्री काहीच नव्हते. दंडारीच्या मेळ्याला यजमान गाव लागते. गाव उठले, की पाहुणचार संपला, आणि त्याबरोबर नाचाचे कारणही संपले.

दूरच्या हवाई बेटांची गोष्ट येथे आठवते. तेथील हुला नृत्यावर ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने 1830 मध्ये बंदी घातली होती. राजा कालाकाउआ याने 1883 च्या आपल्या राज्याभिषेकात हुला पुन्हा मानाने उभे केले. जगप्रवासात 1881 साली हा राजा मुंबईवरूनही गेला होता. त्याच्याच स्मरणार्थ हिलो शहरात भरणाऱ्या उत्सवात 1971 पासून हुलाच्या स्पर्धा होतात. पण जमिनीचा बराच भाग आधीच परक्यांच्या मळ्यांकडे गेला होता आणि 1893 मध्ये राज्यही गेले. नृत्य उरले, मुलूख गेला. हायमेंडॉर्फ यांनी सुरुवात जमिनीपासून केली.

1943 मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. गोंडी वाचनमाला तयार झाल्या, त्याही देवनागरी लिपीत. 1945 पासून आदिवासींविषयीचे सल्लागार म्हणून त्यांच्या हाती अधिकार आला आणि गोंड-कोलामांच्या नावावर जमिनीचे पट्टे करून देण्याची मोहीम जोरात चालली. निजामी महसुली भाषेत सरकारी जमीन अशी कसायला लावून देण्याला लावणी म्हणत. मराठी वाचकाला हा शब्द ऐकून गंमत वाटेल, पण आदिलाबादच्या घुसाड्याला या लावणीनेच पायाखाली जमीन दिली. 1949 पर्यंत दीड लाख एकरांहून अधिक जमीन आदिवासींच्या नावे झाली. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबारही त्यांच्याच काळात सुरू झाला.

पुढचे आयुष्य लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील प्राध्यापकीत आणि नेपाळच्या शेर्पांच्या अभ्यासात गेले. 1976 मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुन्हा गोंडांकडे वळले, तेव्हा दिसलेले चित्र उदास होते. पट्टे दिलेल्या जमिनी कर्जापोटी आणि फसवणुकीने हातच्या गेल्या होत्या. शाळांतून गोंडी हद्दपार झाली होती. पलीकडे तेलुगू, अलीकडे मराठी. एकाच भावकीच्या मुलांना आता एकमेकांची लिपी वाचता येत नव्हती. कायदेही वेगळे झाले. आंध्रने 1976 नंतर लंबाडा समाजाला अनुसूचित जमातींत घेतले, तर महाराष्ट्रात तोच बंजारा समाज भटक्या-विमुक्तांत राहिला. त्यामुळे सीमा ओलांडून तिकडे जमिनी घेणाऱ्यांचा ओघ वाढला, हेही त्यांनी नोंदवले. कष्टकरी बंजाऱ्यांना त्यात दोष देण्यात अर्थ नाही. रेघ मारणाऱ्यांनी दोन्हीकडच्या गरिबांचा विचार केला नव्हता. महाराष्ट्रात आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा 1974 चा, म्हणजे किनवट इकडे आल्यानंतर अठरा वर्षांनी झालेला. हे सारे त्यांनी 1982 च्या ग्रंथात मांडले. त्यात तरुण हायमेंडॉर्फ यांचा उत्साह नाही, पण आकडे आणि गावांची नावे अधिक आहेत, आणि माझ्या मते त्यांच्या पुस्तकांत तेच सर्वांत मोलाचे आहे.

या काळात घुसाडी मात्र रंगमंचावर पोहोचला. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात तो नाचला आणि 2021 मध्ये मार्लवाईच्याच कनकराजू यांना या नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. तेही 2024 मध्ये गेले. मंचावरचा नाच काही मिनिटांत आटोपतो. गुड्यातली दंडारी कित्येक दिवस चालते आणि त्या दिवसांत कोणाच्या तरी घरी धान्य असावे लागते.

बेटी यांचे 1987 मध्ये हैदराबादेत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मार्लवाईत मूठमाती देण्यात आली. हायमेंडॉर्फ 1995 मध्ये लंडनला वारले. त्यांच्या अस्थीही पुढे मार्लवाईलाच आणल्या गेल्या. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत आणि दर जानेवारीत गोंड तेथे जमून त्यांचे स्मरण करतात.