त्यागराजांचे समाधिमंदिर उभारणाऱ्या नागरत्नम्मा

दरवर्षी पौष वद्य पंचमीला तामिळनाडूतील तिरुवैयारु या लहानशा गावी कावेरीच्या काठावर शेकडो गायक-वादक एकत्र बसतात आणि संत त्यागराजांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. आकाशवाणी आणि दूरदर्शनमुळे हा सोहळा देशभर पोहोचला आहे. मात्र ज्या मंदिरासमोर हे गायन होते, ते एका गायिकेने स्वतःच्या कमाईतून बांधले आणि बांधून झाल्यावर तिलाच तेथे गाण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या गायिकेचे नाव बंगळूर नागरत्नम्मा.

नागरत्नम्मांचा जन्म ३ नोव्हेंबर १८७८ रोजी म्हैसूरजवळच्या नंजनगूड येथे देवदासी कुळात झाला. वडिलांचे छत्र लाभले नाही. आईने हालअपेष्टा सोसून मुलीला संस्कृत, कन्नड, तेलुगू आणि संगीताचे शिक्षण मिळेल, असे पाहिले. पुढे बंगळूरमध्ये मुनुस्वामप्पा यांच्याकडे त्यांना त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतील गाणे मिळाले. हाच धागा त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात महत्त्वाचा ठरला. आईचे निधन त्यांच्या कोवळ्या वयातच झाले. पंधराव्या वर्षी त्यांनी रसिकांपुढे पहिले गायन केले आणि काही वर्षांत त्या मद्रासला स्थायिक झाल्या. तेथे त्यांना कीर्तीही मिळाली आणि पैसाही. मद्रासमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या पहिल्या स्त्री कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

तंजावर दरबारातील कवयित्री

नागरत्नम्मा केवळ गायिका नव्हत्या, त्यांचे वाचनही दांडगे होते. या वाचनातूनच त्यांचा परिचय मुद्दुपळनी या कवयित्रीशी झाला. मुद्दुपळनी अठराव्या शतकात तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह यांच्या दरबारात होती. भोसल्यांच्या या राज्यात मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या चारही भाषांत साहित्य निर्माण होत होते. मुद्दुपळनीने तेलुगूमध्ये ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य लिहिले. इलेला लहानाची मोठी करून स्वतःच कृष्णाच्या हाती सोपवणारी राधा नंतर मत्सराने व्याकूळ होते आणि कृष्णाला तिची समजूत काढावी लागते, असा त्याचा विषय आहे.

१८८७ मध्ये हे काव्य छापले गेले तेव्हा त्यातील अनेक पद्ये गाळण्यात आली होती. तेलुगू समाजसुधारणेचे अग्रणी कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी तर काव्यावर आणि कवयित्रीच्या चारित्र्यावरही कठोर टीका केली होती. नागरत्नम्मांनी मूळ हस्तलिखित मिळवले, पाठ तपासले आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनामार्फत संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत त्यांनी टीकाकारांना सरळ उत्तर दिले. शृंगार पुरुषाने लिहिला तर ते साहित्य आणि स्त्रीने लिहिला तर तो निर्लज्जपणा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. वीरेशलिंगम यांच्या स्वतःच्या लेखनातील शृंगाराकडेही बोट दाखवण्यास त्या कचरल्या नाहीत.

परिणाम व्हायचा तोच झाला. पुस्तक अश्लील ठरवून सरकारने १९११ मध्ये त्यावर कारवाई केली आणि पोलिसांनी प्रती जप्त केल्या. ही बंदी तब्बल साडेतीन दशके टिकली. टी. प्रकाशम मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना ती उठली आणि १९५२ मध्ये नवी आवृत्ती निघाली.

नदीकाठची दुर्लक्षित समाधी

१९२१ मध्ये नागरत्नम्मा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. मुले नव्हती, मैफलींचा बहर ओसरत चालला होता आणि गाठीशी संपत्ती होती. याच सुमारास म्हैसूरचे प्रसिद्ध गायक बिडारम कृष्णप्पा यांच्याकडून त्यांना तिरुवैयारु येथील त्यागराजांच्या समाधीची दुरवस्था कळली.

त्यागराजांनी ६ जानेवारी १८४७ रोजी तिरुवैयारु येथे देह ठेवला. त्यांचे बहुतेक आयुष्य तंजावरच्या मराठा राजवटीत गेले. सरफोजीराजांनी दरबारात येण्यासाठी पाठवलेला नजराणा त्यांनी नाकारल्याची आख्यायिका आजही दक्षिणेत सांगितली जाते. त्यांच्या निधनानंतर शिष्य विखुरले आणि कावेरीकाठची समाधी झाडाझुडपांत हरवली. १९०३ मध्ये उमयाळपुरम कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर या वृद्ध शिष्यांनी जागा शोधून तिची डागडुजी केली. पुढे तेथे वार्षिक आराधनाही सुरू झाली, पण तिच्या आयोजकांत लवकरच फूट पडली. ‘पेरिय कच्चि’ म्हणजे मोठा पक्ष आणि ‘चिन्न कच्चि’ म्हणजे धाकटा पक्ष असे दोन गट वेगवेगळे उत्सव करू लागले. समाधीची देखभाल मात्र कोणाच्याच प्राधान्यक्रमात नव्हती.

नागरत्नम्मांनी मद्रासमधील मालमत्ता आणि दागिने विकून पैसा उभा केला. जमीन मिळवली, परिसर साफ करून घेतला आणि १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये मंदिराचा पाया घातला. त्यागराजांची मूर्ती घडवून घेतली आणि नित्य पूजेची व्यवस्था लावली. १९२६ च्या जानेवारीत मंदिराचा कुंभाभिषेक झाला. तोवर रंगमंचावर वावरलेल्या या कलावंत स्त्रीला बांधकामाचा काहीच पूर्वानुभव नव्हता, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

मागच्या बाजूचे गाणे

मंदिर उभे राहिले, पण उत्सव पुरुष भागवतरांच्या हाती होता. आराधनेत स्त्रियांनी गाणे किंवा हरिकथा करणे आयोजकांना मान्य नव्हते. देवदासी कुळातील स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. हरिकथेबाबतचा हा नकार मराठी वाचकाला विशेष जाणवावा. तमिळ प्रदेशातील हरिकथा घडली ती तंजावरला आलेल्या मराठी कीर्तनकारांच्या प्रभावातून. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आजही तेथील कथेकरी गातात.

नागरत्नम्मांनी दोन मार्ग अवलंबले. एकीकडे सरकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज-विनंत्या केल्या. दुसरीकडे स्त्री कलावंतांना एकत्र करून स्वतःचा उत्सव सुरू केला. पुढच्या बाजूला पुरुषांचे गायन चाले, तेव्हा मागच्या बाजूला स्त्रिया गात. लोक या तिसऱ्या गटाला ‘पेण्गळ कच्चि’, म्हणजे बायकांचा पक्ष, म्हणू लागले. श्रोत्यांची गर्दी तेथेही होऊ लागली, आणि कदाचित अर्ज-विनंत्यांपेक्षा याच गोष्टीचा परिणाम अधिक झाला असावा.

याच काळात मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची चळवळ जोर धरत होती. नागरत्नम्मा देवदासींच्या संघटनेच्या अध्यक्षा म्हणून कायद्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांची ही भूमिका आज अनेकांना पटणार नाही. प्रथेतील शोषण खरे होते आणि कायदा अखेर १९४७ मध्ये झालाच. पण आपल्या कुळातील स्त्रियांची विद्या, मालमत्तेचा हक्क आणि उपजीविका या कायद्यात बुडून जाईल, ही त्यांची भीतीही निराधार नव्हती.

१९४० मध्ये सनदी अधिकारी एस. वाय. कृष्णस्वामी आणि गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर आदींच्या प्रयत्नांनी तिन्ही गट एकत्र आले. स्त्रियांना उत्सवात समान स्थान मिळाले. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती सर्वांनी मिळून गाण्याची प्रथाही या एकीनंतरच रूढ झाली.

अखेरची वर्षे नागरत्नम्मांनी तिरुवैयारु येथेच काढली. १९४९ मध्ये त्यांनी मृत्युपत्र करून उरलेली मालमत्ता न्यासाच्या स्वाधीन केली आणि त्यात एक अट घातली. समाधीच्या जागी स्त्रियांना, त्यात देवदासींनाही, पूजेचा आणि गायनाचा हक्क कायम राहील, अशी ती अट होती. १९ मे १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक त्यागराजांच्या समाधीजवळच आहे आणि त्यातील नागरत्नम्मांची मूर्ती समाधीकडे तोंड करून बसवलेली आहे.